सरत्या वर्षाला नाव काय द्यावे?



अरबस्तानात एक काळ असा होता की वर्षांना आकडे नव्हते, नावे होती. अबरहाचे सैन्य हत्ती घेऊन काबागृहावर चालून आले ते ‘आमुल-फील’, म्हणजे हत्तीचे वर्ष. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा जन्म त्याच वर्षीचा सांगितला जातो. पुढे प्रेषितत्वाच्या दहाव्या वर्षी पाठीशी उभे राहणारे चुलते अबू तालिब आणि जीवनसंगिनी हजरत खदीजा (रजि.) हे दोघेही थोड्याच अंतराने जग सोडून गेले. त्या वर्षाला इतिहासाने ‘आमुल-हुज्न’, शोकाचे वर्ष, असे नाव दिले.

२०२५ साल आता सरले आहे. वसई-विरारमध्ये राहणाऱ्या तुम्हा-आम्हांस या वर्षाला एकच नाव द्यायचे झाले तर कोणते देता येईल?

जानेवारीचे नववर्ष आपले नव्हे, असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येईल. ते खरेही आहे. आपली वर्षगणना चंद्राची, आणि २०२५ सरले तेव्हा १४४७ चा रजब महिना चालू होता. परंतु आपला पगार, मुलांची फी, घराचा हप्ता आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार याच दिनदर्शिकेवर चालतात. ज्या कालगणनेवर आपण कमावतो व खर्चतो, तिच्या शेवटी थोडे थांबून मागे पाहिले तर त्यात गैर काय? सूरह अल-हश्रच्या अठराव्या आयतीत श्रद्धावंतांना आज्ञा आहे की प्रत्येकाने उद्यासाठी आपण पुढे काय पाठविले आहे ते पाहावे. ती आज्ञा एखाद्या महिन्यापुरती नाही.

बहुतेक घरांत वर्षाचा आढावा आपल्याच उंबरठ्याच्या आत घेतला जातो. मुलीचा निकाह झाला, मुलाला नोकरी लागली, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सुखरूप पार पडले, उमऱ्याचा योग आला. ही झाली जमेची बाजू. कोणाची नोकरी गेली, कोणी वडील गमावले, कोणाचा धंदा बसला. ही झाली खर्चाची. मग दोन्हींची वजाबाकी करून आपण म्हणतो, ‘अल्हम्दुलिल्लाह, चांगले गेले’, किंवा ‘जरा ओढाताणीचेच गेले’. हे हिशेब खोटे नाहीत. परंतु ‘शोकाचे वर्ष’ हे नाव कोणा एका घराने आपल्यापुरते ठेवले नव्हते. एका माणसाचे दुःख साऱ्या उम्मतने आपले मानले, म्हणून ते वर्षाचे नाव झाले. आपल्या शहरातील दुःखाचे आपण असे काही केले काय?

गेल्या वर्षाची सुरुवात आठवा. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या सुमारे ६० एकर जमिनीवर ४१ इमारती उभ्या होत्या. खोटी कागदपत्रे तयार करून त्या बांधल्या गेल्या आणि त्यांतील घरे विकली गेली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. सात इमारती त्याच वर्षी नोव्हेंबरात गेल्या. उरलेल्या चौतीस २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला होती, दहावीची २१ फेब्रुवारीला. मार्चच्या आरंभी रमजान लागला. ज्या घरांतून मागच्या वर्षी सहरीला भांड्यांचा आवाज येत असेल, तेथे या वर्षी विटांचा ढीग होता.

आणि ऑगस्ट. २६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर विरार पूर्वेच्या विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली अनधिकृत इमारतीचा मागचा भाग कोसळला. सतरा माणसे गेली. एका घरात बाळाचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता; ते बाळ आणि त्याची आई दोघेही ढिगाऱ्याखाली सापडली. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी होती. शेजारच्या गल्ल्यांत मूर्ती आणण्याची तयारी चाललेली असताना येथे माती उपसणे चालू होते, आणि ते त्यापुढच्या दिवसापर्यंत चालूच राहिले. त्या बाळाला जगाच्या पाठीवर एकच वर्ष मिळाले. आपण तर वर्षे मोजून विसरूनही जातो.

अशा वेळी आपल्या ओठांवर पहिला शब्द येतो तो ‘सब्र’. सब्र हे मोठे मूल्य आहे. हजरत सुहैब (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसचा आशय असा की श्रद्धावंताचे सारेच नवलाचे, सुख मिळाले तर तो कृतज्ञ होतो, दुःख आले तर धीर धरतो, आणि दोन्हीत त्याचे कल्याणच असते. परंतु ही हदीस नीट पाहिली तर तिच्यातील धीर ज्याच्यावर संकट आले त्याचा आहे. बघणाऱ्याला तेथे कोणतीही सूट दिलेली नाही. ज्याचे छप्पर गेले त्याने स्वतः म्हटले की ‘अल्लाहची मर्जी’, तर ते ईमान आहे. ज्याचे छप्पर शाबूत आहे त्याने त्याला ऐकवले की ‘अल्लाहची मर्जी’, तर पुष्कळदा ती जबाबदारीतून काढलेली पळवाट असते. सूरह अल-हदीदच्या बावीस-तेविसाव्या आयतींत असे समजावले आहे की जे काही ओढवते ते आधीच लिहिलेले असते, यासाठी की गमावल्याने आपण खचू नये आणि मिळाल्याने फुशारू नये. आपण यातील पहिला अर्धा भाग दुसऱ्यांसाठी ठेवतो आणि दुसरा अर्धा, फुशारकीचा, आपल्याला लागू आहे हे विसरतो. ‘आमची बिल्डिंग बघा, सगळे पेपर क्लिअर’, हे वाक्य गेल्या वर्षभरात आपल्यापैकी किती जणांनी अभिमानाने उच्चारले असेल!

तकदीरीचे नाव घेऊन माणसाचा गुन्हाही झाकता येत नाही. प्रेषित (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तो आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. पाऊस तर अल्लाहचाच होता. तरीही प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि जो फसवतो तो आपल्यातला नाही असे स्पष्ट बजावले. एका मूठभर धान्याची ओल लपविणे एवढे गंभीर असेल, तर आरक्षित भूखंड लपवून त्यावरचे घर विकणे काय म्हणावे? वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, ही हदीस आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात कितीदा ऐकली आहे. मे महिन्यात याच प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाचे छापे पडले आणि कोट्यवधींची रोकड व दागिने हाती लागले. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण दलाली घेणारे, खोट्या कागदावर साक्षीची सही करणारे, ‘सगळे असेच चालते’ म्हणून घर दाखवणारे हात एका कुठल्या जमातीचे नसतात. त्यांत आपले कोणी नव्हते, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय?

फसलेल्यांना मात्र दोष देऊ नये. जोगेश्वरी, कुर्ला, वांद्रे येथील दहा बाय दहाच्या खोलीतून निघून मुलाबाळांसाठी दोन खिडक्यांचे घर शोधणारा माणूस विरार लोकलच्या गर्दीत रोज चार तास घालवून हप्ता फेडत असतो. सात-बारा आणि आरक्षणाचा नकाशा वाचायला त्याला कोणी शिकवलेले नसते.

आता आकड्यांच्या वर्षाकडे वळू. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत पत्रे आणि दस्त यांवर नुसता महिना लिहिलेला असे, शाबान म्हटले तर तो कोणता शाबान, गेला की येणारा, असा गोंधळ होई. म्हणून हिजरी १७ च्या सुमारास कालगणना कोठून मोजावी याचा विचार झाला. प्रेषितांचा (स.) जन्म होता, वह्यचा आरंभ होता. बद्रचा विजय होता, मक्काविजयही होता. जगातील कोणत्याही राज्याने कदाचित त्यांतलाच एखादा निवडला असता. सहाबांनी निवडली हिजरत. म्हणजे ज्या वर्षी माणसांची घरेदारे सुटली, अंगणे आणि विहिरी मागे राहिल्या, ते वर्ष पहिले ठरले.

आणि त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. मदीनेत दारे उघडली. प्रेषितांनी (स.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्व जोडून दिले. हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे आपली अर्धी मालमत्ता ठेवली. त्यांनी दुआ दिली, मालमत्ता घेतली नाही, आणि बाजाराची वाट विचारली. बेघर झालेल्या माणसाचा स्वाभिमान कसा सांभाळावा, हे या एका प्रसंगात दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. स्वतः गरजेत असूनही दुसऱ्याला पुढे करणाऱ्या या अन्सारांची प्रशंसा सूरह अल-हश्रच्या नवव्या आयतीत आहे. उद्यासाठी काय पाठविले ते पाहा, ही आज्ञा त्याच सूरहच्या अठराव्या आयतीत. मध्ये फार तर एका पानाचे अंतर. मला तर वाटते, मुहासबा कोणत्या बाबीचा करायचा हे आधी दाखवून मग मुहासबा करा असे सांगितले आहे.

पैशाचा हिशेब आपण करतो, नाही असे नाही. जकातीचे वर्ष चंद्राचे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. जो जानेवारी ते डिसेंबर मोजतो तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांची जकात मागे ठेवतो, आणि तेहतीस वर्षांत जवळजवळ एका पूर्ण वर्षाची. याबद्दल आपल्या मशिदींतून वेळोवेळी सांगितले जाते आणि सांगायलाच हवे. पण अडीच टक्के काढून झाल्यावर उरलेल्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांबद्दलही विचारणा आहेच. आयुष्य कशात घालवले, संपत्ती कोठून मिळवली व कोठे खर्चली, ज्ञानावर अमल किती केला, याची उत्तरे दिल्याशिवाय कयामतच्या दिवशी पाऊल हलणार नाही.

माझीही एक नोंद येथे करतो. फेब्रुवारीत आमच्या इमारतीतील एका रिकाम्या घराची चौकशी करायला असेच एक कुटुंब आले होते. नवरा, बायको, शाळेच्या गणवेशातील एक मुलगी आणि जिन्यात ठेवलेली गोधड्यांची दोन गाठोडी. घरमालकाने दोन महिन्यांपूर्वी सांगितलेल्या भाड्यापेक्षा बरेच अधिक भाडे सांगितले, आणि अनामत दुप्पट. आधीचा आकडा मला ठाऊक होता. मी तेव्हा असरच्या नमाजसाठी निघालो होतो, चप्पल पायात होती. दोन वाक्ये बोलायला दोन मिनिटे लागली असती. मी सलाम करून खाली उतरलो आणि पहिल्या सफेत उभा राहिलो. ते कुटुंब कोठे गेले मला माहीत नाही. त्या दिवशीची नमाज मी जमेच्या बाजूला लिहावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या वर्षात चांगले काहीच नव्हते असे नाही. प्रेषितांच्या (स.) जन्माला हिजरी गणनेने पंधराशे वर्षे पूर्ण झाली. ५ सप्टेंबरचा मीलादचा जुलूस दुसऱ्याच दिवशीच्या अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकांना अडचण होऊ नये म्हणून मुंबईतील आपल्या बांधवांनी ८ तारखेवर नेला. कोणी त्यांना भाग पाडले नव्हते. शेजाऱ्याच्या सणासाठी आपला सण तीन दिवस मागे घेणे ही लहान गोष्ट वाटेल. मला ती वर्षातील मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते.

शोकाच्या वर्षाचेही पुढे काय झाले ते आपण जाणतो. ताइफचे दगड सोसल्यानंतर मेराज झाली, आणि मेराजनंतर काही काळाने यसरिबची माणसे आली, ज्यांनी आपल्या घरांची दारे देऊ केली. आभाळातून आलेला दिलासा शेवटी माणसांच्या दारांतून पोहोचला.

तेव्हा या आठवड्यात एखाद्या रात्री, इशानंतर, घरातील सर्वांनी बसावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. प्रत्येकाने, लहानांनीसुद्धा, वर्षाला आपापले नाव द्यावे. मुले कदाचित ‘सायकलीचे वर्ष’ म्हणतील. म्हणू द्या, तोही शुक्रच आहे. आईला आधी बोलू द्यावे, कारण बहुतेक घरांत वर्षाच्या खऱ्या अडचणी तिलाच ठाऊक असतात आणि तिला विचारले जात नाही. मग मोठ्यांनी एकच प्रश्न घ्यावा: या वर्षी आपल्या दारावर कोण आले होते, आणि आपण काय केले?

माझ्या इमारतीतील ते घर पुन्हा रिकामे झाले आहे. घरमालकाशी अद्याप बोललेलो नाही. पुढचा रमजान येणारच आहे. त्याआधी एका संध्याकाळी त्यांच्याकडे जायचे ठरवले आहे.