नवशिक्याचे उत्तरदायित्व : मराठीतून हिब्रू शिकण्याविषयी

भाषा कोणाची असते, या प्रश्नाला मराठी समीक्षेत साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, भाषा वारशाने मिळते. ज्या समूहात आणि ज्या भूमीत ती रुजली त्यांची ती असते आणि बाहेरून आलेल्याला तिच्या अंतरंगात शिरकाव नसतो. १९८० नंतर आपल्याकडे देशीवादाची जी चर्चा झाली, तिच्या ढोबळ आवृत्त्यांत हे उत्तर गृहीत धरलेले दिसते. दुसरे उत्तर उघडपणे क्वचितच दिले जाते, परंतु व्यवहारात तेच अधिक चालते. भाषा हे अर्थाचे केवळ वाहन आहे आणि इंग्रजी भाषांतर हाताशी असले की मूळ भाषेवाचून फारसे अडत नाही, असे ते उत्तर. दोस्तोयव्हस्कीपासून देरिदापर्यंत आपण ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांतील बहुतेकांशी आपला संबंध या दुसऱ्या उत्तरावरच उभा आहे.

ही उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. दोहोंतही नवशिक्याला जागा नाही. पहिल्याच्या दृष्टीने तो कायमचा उपरा. दुसऱ्याच्या दृष्टीने तो नसत्या श्रमात गुंतलेला. प्रौढ वयात एखादी भाषा अक्षरओळखीपासून शिकण्याला ज्ञानात्मक मूल्याखेरीज काही नैतिक मूल्य आहे काय, हा प्रश्न म्हणूनच विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो हिब्रूच्या संदर्भात विचारायचा आहे. हिब्रू निवडण्याचे कारण असे की, मराठीतून हिब्रू शिकण्याला सुमारे दोन शतकांचा इतिहास आहे आणि तो वरील दोन्ही उत्तरांना अडचणीत आणणारा आहे.

प्रथम वारशाचा प्रश्न. आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत शतकानुशतके राहिलेला बेने इस्राएल समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. राजपूरकर, केहीमकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे कोकणातल्या गावांवरून आलेली, आणि मातृभाषा मराठी. सुंता, शब्बाथ आणि आहाराचे काही नियम त्यांनी टिकवले होते. हिब्रू मात्र जवळजवळ लुप्त झाली होती. उरली होती ती ‘शमा’ ही प्रार्थना, जिच्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘ऐक’ असा आहे. समाजाच्या परंपरेनुसार कोचीनहून आलेल्या दाविद राहबी यांनी त्यांना पुन्हा धर्मविधी आणि हिब्रू यांची ओळख करून दिली. येथे वारसा आणि भाषा यांची ताटातूट झालेली दिसते. जी भाषा वंशाने आपली मानली, ती या समाजाला परक्या भाषेसारखी पहिल्या अक्षरापासून शिकावी लागली. आणि ती शिकण्याचे साधन होती मराठी.

हे शिक्षण निर्हेतुक हातांनी दिलेले नव्हते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि १८३२ साली त्यांनी हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. बेने इस्राएलांना त्यांचा धर्मग्रंथ मुळातून वाचता आला तर ते ख्रिस्ताकडे वळतील, ही त्यामागील अपेक्षा होती. वसाहतवादाच्या समीक्षेत अशा ग्रंथांकडे सत्तेचे साधन म्हणूनच पाहण्याची रीत आहे, आणि ती निराधार नाही. परंतु प्रत्यक्षात घडले ते वेगळे. समाजाने व्याकरण घेतले, मिशनऱ्यांच्या शाळाही घेतल्या. धर्मांतर केले ते अगदी मोजक्यांनी. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) हे मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. आणि त्यांनी यहुदी उपासनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजाची स्वतंत्र शाळा काढली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादात वल्हांडणाच्या भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या दाखविल्या आहेत.

यावरून एक सैद्धान्तिक निष्कर्ष निघतो. शिकविणाऱ्याचा हेतू शिकणाऱ्याच्या ज्ञानाचा अर्थ ठरवीत नाही, कारण अक्षरे एकदा वाचता आली की विद्यार्थी शिक्षकाला नव्हे, तर संहितेला उत्तरदायी होतो. शिक्षक काय म्हणतो आणि पानावर काय आहे, यांची तुलना त्याला करता येते. भाषांतरावर विसंबणाऱ्याला ती करता येत नाही. नवशिक्याचे पहिले स्वातंत्र्य हेच, आणि त्याची पहिली जबाबदारीही हीच.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांना हिब्रूचा कोणताही वारसा नव्हता. त्यांचा वारसा संस्कृतचा होता, तोही असाधारण. आईच्या मुखातून भागवत शिकलेल्या, १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविलेल्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती. हे काम त्यांनी इंग्रजीवरून केले नाही. हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, मिशनमधील स्त्रियांनाही त्या कामात घेऊन, त्यांनी ते १९२२ मधील मृत्यूपर्यंत चालविले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित मराठी बायबलविषयी त्यांची तक्रार अशी होती की, त्याची भाषा संस्कृतप्रचुर आहे, सामान्य स्त्रियांना ती कळत नाही आणि तिच्यातील शब्दांना वेदान्ताचे संस्कार चिकटलेले आहेत.

येथे नैतिक गाठ लक्षात येते. जी व्यक्ती संस्कृत शब्दांच्या अर्थाविषयी निर्विवाद अधिकाराने बोलू शकत होती, तिने त्या शब्दांपासून दूर होण्यासाठी तो अधिकार जिथे उपयोगी पडत नाही अशा भाषेची बाराखडी गिरवली. शिवाय ऐकून पाठ करण्याच्या परंपरेत वाढलेल्या रमाबाईंना तोवर नीट ऐकू येत नव्हते. पांडित्य टाकून देणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी ते परीक्षेला लावले. त्यांचे भाषांतर मराठी चर्चमध्ये फारसे रुळले नाही, ही गोष्ट खरी. परंतु यशापयशाने या निर्णयाचे मूल्य ठरत नाही.

नवशिक्याची ही परीक्षा नेमकी कशी होते, हे भाषेच्या पातळीवरच पाहिले पाहिजे. हिब्रूची अक्षरे बावीस. सर्व व्यंजने, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. देवनागरीच्या अक्षरात ‘अ’ वसलेला असतो, हिब्रूच्या अक्षरात तसा स्वर वसलेला नाही. स्वरचिन्हे पुढे, इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान, संहितेची परंपरा जपणाऱ्या पंडितांनी जोडली. द-ब-र या तीन व्यंजनांचे वाचन ‘दावार’ असे केले तर अर्थ शब्द किंवा वस्तू, ‘देवेर’ केले तर साथीचा रोग, आणि ‘दिब्बेर’ केले तर ‘तो बोलला’. संदर्भ समजल्याशिवाय शब्द वाचता येत नाही आणि शब्द वाचल्याशिवाय संदर्भ समजत नाही. अर्थनिर्णयनशास्त्रात ज्या वर्तुळाची चर्चा आपण सिद्धान्त म्हणून करतो, ते नवशिक्याला पहिल्या आठवड्यातच प्रत्यक्ष अडवते.

पण याच अडथळ्यात मराठीच्या काही सुप्त शक्ती दिसू लागतात. ‘दावार’ म्हणजे शब्दही आणि वस्तूही; इंग्रजीला यासाठी दोन शब्द लागतात. मराठीत ‘गोष्ट’ आहे : ती सांगितलीही जाते आणि ती बाजारातून आणताही येते. हिब्रूत ‘हालाख्ता’ म्हणजे ‘तू गेलास’ आणि ‘हालाख्त’ म्हणजे ‘तू गेलीस’. हा लिंगभेद इंग्रजीत पुसला जातो, मराठीत आपोआप राहतो. जुन्या करारातील गीतरत्न हे काव्य प्रियकर-प्रेयसीच्या संवादाचे आहे. कोणाला उद्देशून बोलले जात आहे हे मूळ हिब्रूत अनेकदा क्रियापदावरून आणि सर्वनामावरून कळते. इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्याला ‘गेलास’ की ‘गेलीस’ हे अंदाजाने ठरवावे लागते, कारण मराठी व्याकरण त्याला संदिग्ध राहू देत नाही. जिथे दोन भाषा एकमेकींशी थेट बोलू शकत होत्या, तिथे मध्यस्थामुळे एक अनावश्यक तर्क शिरतो. भाषा केवळ वाहन आहे, या उत्तराची मर्यादा इतकी साधी आहे.

तरी शिकण्याचे माहात्म्य गाताना सावध राहिले पाहिजे. रमाबाई आणि एलिएझर बेन-यहुदा यांची जन्म-मृत्यूची वर्षे एकच आहेत : १८५८ आणि १९२२. बेन-यहुदांनी जेरुसलेममध्ये हिब्रू पुन्हा घराघरात बोलली जावी म्हणून हट्टाने प्रयत्न केले आणि आपल्या मुलाला केवळ तीच भाषा ऐकत वाढविले. त्या प्रयत्नांतून जी बोलती हिब्रू उभी राहिली, ती १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांना पुन्हा एकदा नव्याने शिकावी लागली. प्रार्थनेची हिब्रू रोजच्या व्यवहाराला पुरेशी नव्हती. परंतु भाषा शिकल्याने स्वीकार मिळतोच असे नाही. १९६२ साली तेथील धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले, आणि त्याविरुद्धच्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये या समाजाचे ज्यू असणे सरकारने आणि संसदेने निःसंदिग्धपणे मान्य केले. ज्यांनी भाषा दोनदा कमावली त्यांना प्रश्न विचारला गेला तो रक्ताचा. भाषा शिकणे हे प्रवेशपत्र नव्हे. ते तसे मानले की शिकणाऱ्याच्या वाट्याला अपमान येण्याची शक्यता राहते.

आणखी एक आक्षेप अधिक जवळचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात, कोळशाच्या खाणींच्या राजूरसारख्या गावी बसून एखाद्या अभ्यासकाने हिब्रू गिरवावी, हे त्याच जिल्ह्यातील कोलामांच्या भाषेकडे पाठ फिरवणे नव्हे काय? कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिचे साक्षेपी वर्णन मरे एमेनो या परदेशी भाषाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. कोलाम मराठी शिकतात, मराठी माणूस कोलामी शिकत नाही. हा आक्षेप टाळता येत नाही. दूरच्या ग्रंथभाषेपुढे नम्र होणे सोपे असते, कारण तिच्यामागे प्रतिष्ठा उभी असते. ज्याला आपण अडाणी समजतो अशा शेजाऱ्यापुढे नवशिका होऊन बसणे अवघड असते. पण यातून हिब्रू शिकू नये असे निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते इतकेच की, नवशिकेपणाची कसोटी निवडलेल्या भाषेच्या थोरवीवर नसून ज्याच्यापुढे आपण चुकायला तयार आहोत त्याच्या स्थानावर आहे. रमाबाईंच्या कामाचे वजन येथेच आहे; त्या हिब्रूकडे गेल्या त्या केडगावच्या निरक्षर, परित्यक्त स्त्रियांना समजेल असे मराठी वाक्य आणण्यासाठी.

समीक्षकाने म्हणून काय करावे? प्रत्येकाने प्रत्येक भाषा शिकावी, ही मागणी अवास्तव आहे. मात्र एक लहान शिस्त पाळता येईल. ज्या शब्दाच्या अर्थावर आपला युक्तिवाद उभा आहे, त्या शब्दापर्यंत तरी मूळ भाषेत चालत जावे. आणि जिथे गेलो नाही तिथे भाषांतरावर विसंबलो आहोत, हे वाचकाला सांगावे. ‘आत्मा’ हा शब्द ‘नेफेश’साठी वापरणाऱ्याने निदान एवढे जाणावे की, त्या हिब्रू शब्दात गळा, श्वास, जीव आणि सजीव प्राणी हे सारे येते, आणि मग ‘आत्मा’ ठेवावा की ‘जीव’, हे ठरवावे. वारशाने अधिकार मिळाला म्हणून ही जबाबदारी टळत नाही आणि भाषांतर उपलब्ध आहे म्हणूनही ती टळत नाही. बेने इस्राएलांनी आणि रमाबाईंनी परस्परविरुद्ध दिशांनी येऊन हीच जबाबदारी स्वीकारली होती, आणि दोघांनीही ती मराठीत पार पाडली.