वाटीपाशी बसलेलं पिल्लू

चि. सौ. भाचीस,


"पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, पण जीभ लावत नाही," असं तू काल फोनवर म्हणालीस आणि मला पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. ओकारी, पातळ जुलाब, आणि तहान लागूनही पाणी न पिणं. मांजरांचा पार्वो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया, बहुधा असाच दिसतो. पण 'बहुधा'वर थांबू नकोस, रक्त तपास.

या विषाणूला झपाट्याने वाढणाऱ्या पेशी लागतात. तशा दोनच जागा मोठ्या, आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज. म्हणून पोट बिघडतं तेव्हाच रक्तातल्या पांढऱ्या पेशीही आटतात. निरोगी मांजराच्या एका मायक्रोलीटर रक्तात त्या साधारण साडेपाच ते साडेएकोणीस हजार असतात. या रोगात दोन हजारांखाली जाणं नवलाचं नाही. हजाराखाली गेल्या तर जीव वाचणं अवघड. अल्ब्युमिन आणि पोटॅशियमही बघायला सांग. ती दोन्ही उतरली असतील तर धोका वाढतो. सीआरपी या दाह दाखवणाऱ्या चाचणीवर पैसे घालवू नकोस. माणसात, कुत्र्यात तो बोलतो, मांजरात जवळजवळ मुकाच असतो.

आता खरी गोम. तुमच्या आमगावात रक्त माणसांच्या लॅबमध्ये जाणार. मांजराच्या प्लेटलेट मोठ्या असतात, वर त्यांच्या गुठळ्या होतात, आणि यंत्र त्या गुठळ्यांनाच पांढऱ्या पेशी समजून मोजतं. मीही एकदा नऊ हजारांचा कागद पाहून निश्चिंत झालो होतो. संध्याकाळी स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर पांढरी पेशी सापडायला काच इकडून तिकडे सरकवत बसावं लागलं. जांभळ्या झाकणाच्या बाटलीतल्या रक्ताची स्लाईड करून डोळ्यांनी मोजायला लाव. आणि पहिल्या दिवशी आकडा ठीक आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज, कारण घसरण उशिरा होते.

कुत्र्यांच्या पार्वोचं किट शौचावर चालतं, तेही करून घे. पण ते निगेटिव्ह आलं म्हणून मोकळी होऊ नकोस. नुकतीच लस दिली असेल तर पुसटशी रेघ उगाचही उमटते.

सलाईन लगेच सुरू व्हायला हवं. तिथे सोय नसेल तर सकाळच्या गाडीने नागपूरला, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ये. मी स्टेशनवर असेन. ताप आहे म्हणून क्रोसिन देऊ नकोस हं, त्यातलं पॅरासिटामोल मांजराला विष आहे. जमीन फिनाईलने पुसू नकोस, तेही मांजराला सोसत नाही. एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू दे, वाळल्यावरच मांजरांना आत सोड. हा विषाणू वर्षभर टिकतो, तेव्हा ज्या तणसीत पिल्लं निजायची ती जाळून टाक. तुमच्या मिलमधल्या बाकी मांजरांना लस टोच. लहानग्यांना सहा-आठ आठवड्यांपासून, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत.

आणि एखादं दगावलंच, तर मिलमागच्या बांधावर टाकू नकोस, खोल पूर. तिथे रानमांजरं येतात. आपल्या नागझिऱ्याच्या वाघालाही हा रोग होऊ शकतो.

स्लाईडचा फोटो मोबाईलवर पाठव, रात्री कितीही वाजू देत.

तुझा मामा