तंटा मिटला की तोंड मिटले?

१५ ऑगस्ट २००७ रोजी सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आरंभिली, आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यातही गावोगाव समित्या बसल्या. धुऱ्यावरची भांडणे, भाऊबंदकी, मोहाच्या दारूपायी होणारी मारहाण, सारे गावातच मिटवायचे. कोर्टाचे हेलपाटे वाचतात, हे बरेच. तंटामुक्त ठरलेल्या गावाला बक्षीसही होते. पण वाचकहो, आम्हांस एक शंका छळते. बक्षिसाच्या ओढीने दारुड्याच्या बायकोला ‘जाऊ दे बाई, मिटवून घे’ म्हटले, तर मिटले काय? वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, पण तिथे कोणी मान धरून वाकवीत नाही. समेटाच्या कागदावर अंगठा घेण्याआधी त्या माउलीला वेगळे बसवून कोणी विचारले होते काय, एवढेच आम्ही पाहू.