देहांतर आणि हार्ड डिस्क

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना कामाला लावणारी मूळ आज्ञावली, जिच्यावर साठवलेली आहे ती हार्ड डिस्क एका संगणकातून काढून वेगळ्या घडणीच्या संगणकात बसवली, तर चालू होणारा संगणक जुना मानावा की नवा, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञाचा असला तरी त्याची ठेवण देहांतराच्या प्रश्नाची आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत इतका रुजलेला आहे की देहांतर म्हणजे केवळ वस्त्रपालट असे सहज गृहीत धरले जाते. परंतु टाकलेल्या वस्त्राची खूण अंगावर राहत नाही, आणि हार्ड डिस्कवर मात्र जुन्या यंत्राच्या खुणा जागोजाग राहतात.

2001 साली आलेल्या विंडोज एक्सपी या ऑपरेटिंग सिस्टिमचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विशिष्ट यंत्रभागाशी बोलणी करणाऱ्या छोट्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. नव्या मदरबोर्डवरील, म्हणजे मुख्य पाटीवरील, डिस्कचे नियंत्रण करणाऱ्या भागाचा ड्रायव्हर आरंभीच हाताशी नसेल, तर ज्या डिस्कवरून ही प्रणाली उठत असते तीच तिला दिसेनाशी होते आणि निळ्या पडद्यावर ती थांबते. ती सुरळीत उठली तरी पूर्वीच्या यंत्रभागांच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत, तशाच राहतात. एरवी त्या दिसत नाहीत, पण आता न जोडलेली उपकरणेही दाखवण्याची खास व्यवस्था केली की फिकट रूपात समोर येतात.

संस्कार या संज्ञेचा, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेल्या सुप्त ठशाचा, अर्थ समजावून घेण्यास ही फिकट यादी पुष्कळ उपयोगी आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेनुसार देहांतर करते ते लिंगशरीर, ज्यात बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रिये आणि पाच तन्मात्रे, म्हणजे महाभूतांची सूक्ष्म मूळ रूपे, अशी अठरा तत्त्वे टीकाकार मोजतात. 40व्या कारिकेत ते भावांनी वासित, म्हणजे पूर्वीच्या प्रवृत्तींचा वास लागलेले, आणि तरीही निरुपभोग, म्हणजे स्थूल देहावाचून भोग घेण्यास असमर्थ, असे सांगितले आहे. यंत्रातून काढून टेबलावर ठेवलेल्या डिस्कची अवस्था याहून वेगळी नाही. पतंजलीच्या योगसूत्रांचा चौथा पाद आणखी पुढे जातो: कर्माचा जो विपाक, म्हणजे फळ, प्राप्त झाला असेल त्याला अनुरूप अशाच वासना प्रकट होतात, बाकीच्या दबून राहतात. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असंख्य यंत्रभागांचे ड्रायव्हर सोबत असतात आणि दर वेळी सुरू होताना समोर सापडलेल्या भागांना जुळणारेच जागे होतात, म्हणूनच ती प्रणाली यंत्रांतर बहुधा विनातक्रार सोसते. पतंजलीचे सूत्र वस्त्राच्या दृष्टांतापेक्षा या व्यवहाराचे वर्णन अधिक नेमके करते.

एकत्वाचा निकाल मात्र एवढ्याने लागत नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने आपल्या तत्त्वग्रंथाच्या 1694 च्या आवृत्तीत राजपुत्र आणि चांभार यांचा प्रसंग कल्पिला: राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली, तर व्यक्ती राजपुत्रच राहील, पण माणूस म्हणून इतरांच्या लेखी तो चांभारच ठरेल. विंडोजचा परवाना तपासणारी यंत्रणा त्या इतरांच्या बाजूची आहे. यंत्रभाग फारच बदलले की ती पुन्हा परवानगी मागते, मग वापरणाऱ्याच्या सर्व फायली जागच्या जागी असल्या तरी तिला त्याचे सोयरसुतक नसते. बौद्ध दर्शनाला यात अडचण वाटणार नाही, कारण तेथे कोणताही स्थिर आत्मा मुळात प्रवास करत नाही. केवळ क्षणांचा प्रवाह चालू राहतो.

उपमा तुटते ती एका ठिकाणी. हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून दोन यंत्रांत एकाच वेळी चालवता येते, आणि तेव्हा जुना संगणक कोणता या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. सांख्यांचा पुरुष, म्हणजे केवळ साक्षी असणारे चैतन्य, अनेक असला तरी त्याचे दोन भाग होत नाहीत. शिवाय डिस्कवर जे आहे ते सर्व पाहिले जाणारे आहे, पाहणारे तेथे कोणीही नाही. म्हणून संगणकाचे उदाहरण लिंगशरीराच्या चर्चेत ग्राह्य धरावे. आत्म्याच्या सिद्धीसाठी किंवा खंडनासाठी ते पुढे करणे हा तर्कदोष आहे.