समाधी आणि मेंदूचा आलेख

ईईजी तपासणीत डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूतील विद्युतलहरी नोंदवतात. फेफऱ्याच्या निदानात तिचा मोठा आधार असतो. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला आलेख घेतला. त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत आणले. पुढे १९६१ साली दिल्लीत आनंद, छिना व बलदेव सिंग या संशोधकांना आढळले, की प्रखर उजेड, मोठा आवाज, तापलेल्या काचनळीचा स्पर्श यांनीही समाधिस्थ योग्यांच्या अल्फा लहरी मोडत नाहीत.

मग समाधी म्हणजे केवळ लहर का? सोलापुरात सिद्धेश्वर मंदिरात बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या समाधिस्थळापुढे भाविक माथा टेकवतो, तो मुक्तीच्या ओढीने. आलेख अवस्थेची खूण दाखवतो. तिचा अर्थ मात्र अनुभवणाऱ्याच्या साक्षीवाचून ठरत नाही.