कोंबडी चालेल, कोंबडा नको

अमेरिकेतल्या शहरांनी घरामागच्या अंगणात कोंबड्या पाळण्यासाठी केलेले नियम वाचले, तर एक कलम पुन्हा पुन्हा समोर येते: कोंबडी पाळता येईल, कोंबडा पाळता येणार नाही. न्यूयॉर्कच्या आरोग्यसंहितेत कोंबडीला मुभा आहे, नराला पूर्ण मज्जाव. सिअॅटलने 2010 साली अंगणातल्या पक्ष्यांची मर्यादा 3 वरून 8 वर नेली आणि त्याच वेळी नव्या नरांना बंदी केली. खुराडे शेजारच्या घरापासून किती दूर हवे, घाण कशी काढावी, दाण्याला उंदीर लागू नयेत म्हणून काय करावे, हे गावागणिक बदलते. नराला बंदी मात्र बहुतेक ठिकाणी असते. कारण साधे आहे. कोंबडा पहाटे आरवतो आणि शेजारपाजारची झोप मोडते. पण झोपेपाशी हा प्रश्न संपत नाही. ज्या हिंसेला आपला हात लागला नाही, पण आपल्या सोयीसाठी जी घडली, ती कोणाच्या खात्यावर जाते, हा जुना प्रश्न या एका कलमात दडलेला आहे.

अंडे घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, ते अंडे फक्त फळत नाही. म्हणून नियम करणाऱ्याला वाटते की नर वगळला तर कोणाचे काही बिघडत नाही. पण कोंबडी स्वतः जन्माला येते ती फळलेल्या अंड्यातून, आणि उबवलेल्या अंड्यांतून नर आणि मादी साधारण निम्मे निम्मे निघतात. शहरातला हौशी माणूस पिल्ले बहुधा हॅचरीतून आणतो. अमेरिकेत 1918 पासून एक दिवसाची पिल्ले टपालाने जातात. पोटात उरलेल्या बलकावर ती दोन-तीन दिवस तग धरतात. खोक्यात माद्या तेवढ्या भरायच्या, तर आधी निवड करावी लागते. पिल्लाचा मागचा भाग दाबून लिंग ओळखण्याची रीत जपानमध्ये 1920 नंतरच्या काळात शास्त्रशुद्ध झाली आणि तिथून जगभर गेली. अंड्यांसाठी पैदास केलेल्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठी वाढवावा इतका अंगानेही भरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्याला वायूने किंवा यंत्रात चिरडून मारतात. अशा मारण्यावर तिथे बंदी येण्यापूर्वी एकट्या जर्मनीत वर्षाला सुमारे 4.5 कोटी नर पिल्ले अशी मारली जात. निवडीत चूकही होते. मादी म्हणून आणलेले पिल्लू काही महिन्यांनी आरवू लागते, आणि मग तेच कलम मालकाला त्याची कुठेतरी वाट लावायला सांगते. कुठे, हे कलमात नसते.

आपल्याकडच्या विचारपरंपरेने अशा प्रसंगासाठी नेमके शब्द घडवून ठेवले आहेत: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेले पाहून मान्य केलेले. पतंजलींच्या योगसूत्रांत हिंसेचे हे तीन प्रकार येतात. जैन आचारात तर व्रत घेताना तिन्हींचा वेगवेगळा हिशेब होतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही मारणाऱ्याबरोबर संमती देणारा, विकत घेणारा, विकणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा असे सगळे घातकांतच मोजले आहेत. त्या ग्रंथाशी इतर बाबतीत माझे टोकाचे मतभेद आहेत, तरी ही यादी मला अचूक वाटते, कारण सुरी धरणारा हात तिने एकटा सोडलेला नाही.

यावर जाणकार जैन वाचक लगेच अडवेल, आणि त्याचे अडवणे रास्त आहे. साधूचे महाव्रत तिन्ही वाटा बंद करते, पण गृहस्थाच्या अणुव्रतात सहसा करणे आणि करवणे एवढेच सोडायचे असते. अनुमोदन संसारी माणसाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे परंपरेने समजून घेतले आहे. मग जे ओझे श्रावकावर नाही, ते नगरपालिकेवर का? माझे म्हणणे असे की इथे नुसते अनुमोदन नाही. एखादा ग्राहक बाजारात जे मिळते ते मुकाट्याने घेतो, तेव्हा ते अनुमोदन झाले. नियम करणारा मात्र अट घालतो. ज्याला एक नर आणि चार माद्या मिळून सांभाळायच्या आहेत, त्यालाही तो सांगतो की नर दिसता कामा नये. वेगळे काढण्याचे काम दुसऱ्याने, दूरच्या गावी, आधीच करून ठेवावे, ही त्या नियमाची गृहीत अट आहे. याला कारित म्हणायचे नाही, तर त्या शब्दाला काही अर्थ राहत नाही.

आरवण्याचा त्रास खोटा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. रात्रपाळी करून आलेली परिचारिका, आजारी म्हातारा, तान्हे बाळ यांच्या झोपेला किंमत आहे. कोंबड्याला शिकवून गप्प बसवता येत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या आतल्या घड्याळाप्रमाणे पहाटेच्या सुमारास आरवतात. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही आपली म्हण. झाकलेले कोंबडे आरवायचेही राहत नाही. फ्रान्समध्ये ओलेराँ बेटावरच्या मोरीस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी न्यायालयात गेले, 2019 मध्ये रोशफोरच्या न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि 2021 मध्ये ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदा तिथे झाला. पण दाटीवाटीच्या शहराला हा न्याय जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मान्य. म्हणजे नराला वस्तीत जागा न देण्याचे कारण खरे असू शकते. प्रश्न त्यानंतर सुरू होतो: ज्याला जागा नाकारली, त्याचे पुढे काय होते याच्याशी नाकारणाऱ्याचा संबंध उरतो की नाही?

दुसरा आक्षेप असा की अंगणातल्या चार कोंबड्यांनी काय फरक पडणार. दुकानातल्या अंड्यामागेही तीच मेलेली पिल्ले आहेत, वर पिंजराही आहे. हे खरे आहे, आणि म्हणून अंगणातल्या कोंबडीचा परवाना रद्द करा असे मी म्हणणार नाही. तिला माती उकरता येते, धुळीत लोळता येते, पंख पसरता येतात. पण पिंजरा नको म्हणून खुराडे बांधणारे हे लोकच जनावराच्या दुःखाचा सर्वांत जास्त विचार करणारे असतात. त्यांच्या करुणेला नियम अर्धी जागा देतो आणि उरलेले अर्धे नजरेआड ठेवायला शिकवतो. वाटा लहान असला तरी तो शून्य होत नाही. कर्माच्या हिशेबात गर्दीत उभे राहिल्याने सूट मिळत नाही.

कोंबड्यांवरचा नियम नेहमी असाच मुका होता असे नाही. ज्यू परंपरेतल्या मिश्ना या संहितेत जेरुसलेममध्ये कोंबड्या पाळू नयेत असे आहे, आणि कारणही तिथेच दिले आहे: मंदिरातल्या पवित्र अन्नासाठी. कोंबडी उकिरडा उकरते, चोचीतून अशुद्ध कण आणते आणि ते त्या अन्नाला लागतात, अशी समजूत होती. ती आज कोणाला पटो न पटो, त्या नियमाने आपण कोणासाठी कोणाला बाहेर ठेवतो हे उघड सांगितले. महाराष्ट्रातल्या खेड्यात खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवतात, नर-मादी दोन्ही एकाच डालग्याखाली वाढतात, आणि नर पुढे जत्रेला किंवा पाहुण्याच्या ताटात जातो. ती हिंसाच आहे. पण ती घरातल्या पोरांसमोर होते, आणि कोणाच्या हातून झाली हे सगळ्यांना ठाऊक असते.

जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून नर पिल्ले मारण्यावर बंदी आणली. अंडे उबत असतानाच आतल्या गर्भाचे लिंग तपासण्याचे तंत्र तिथे वापरात आले, काही ठिकाणी नरही वाढवले जाऊ लागले. पिल्ले न मारताही अंडी मिळू शकतात, खर्च वाढतो. मग परवाना देणाऱ्या शहराला निदान इतके करता येईल: पिल्ले कुठून आणली आणि त्यांच्यासोबत उबवलेल्या नरांचे तिथे काय करतात, हे अर्जात विचारावे, चुकून निघालेल्या कोंबड्यासाठी शहराबाहेर सांभाळणारी जागा शोधून द्यावी आणि तिचा खर्च परवान्याच्या शुल्कातून भागवावा. शुल्क त्यामुळे थोडे वाढेल. आज तो भार एक दिवसाचे पिल्लू उचलते आहे.