किनाऱ्याची वेल

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकत रस्ता दर्याकडे जातो. तिथे किनाऱ्याला लागून दोघा भावांच्या वाड्या होत्या. धंदा मासेमारीचा. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायला लागली, तशा दोघांनी भाड्याने द्यायला चार-चार खोल्या बांधल्या.

वाड्यांपुढच्या वाळूवर मर्यादवेल पसरलेली. जाड, दुभंगलेली पानं, जांभळी फुलं आणि पेरापेराला वाळूत रुतलेली मुळं. वलांडीवर बोंबील वाळत घालता घालता आई नातवंडांना बजावायची, "वेल तुडवू नका रे, तिनेच वाळू धरून ठेवलीय."

एक पाहुणा थोरल्याला म्हणाला, "पुढे मोकळी वाळू असती तर काय मजा आली असती!" थोरल्याने जेसीबी बोलावला. दुपारपर्यंत वेल गेली, वाळूचा उंचवटा सपाट झाला, खुर्च्या-छत्र्या मांडल्या गेल्या. खोल्या भरभरून जाऊ लागल्या.

"दादा, पावसाळ्यात काय करशील?" धाकट्याने विचारलं.

"पावसाळ्यात गिऱ्हाईक असतं कुठे?"

धाकट्याने आपल्या वेलीतून माणूस जाईल एवढीच वाट ठेवली आणि दोन्ही बाजूंना दोरी बांधली. त्याच्याकडे गिऱ्हाईक कमीच आलं.

१ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला लाटा वाडीत शिरल्या. थोरल्याच्या पुढची वाळू दर्याने ओढून नेली, दोन खोल्यांचा पाया उघडा पडला, एक भिंत खचली. धाकट्याकडेही वेलीची कड तुटली, पण उंचवटा टिकला आणि खोल्या वाचल्या.

थोरला दगडांचा बांध घालायला निघाला. आईने अडवलं. "दगडावर आपटलेली लाट शेजारी वळते. भावाची वाडी खाईल ती."

"मग करू काय?"

धाकटा काही न बोलता आपल्या वेलीचे फाटे घेऊन आला. भर पावसात दोघांनी ते लावले. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला, तोवर फाट्यांनी मूळ धरलं होतं. उंचवटा भरून यायला मात्र काही वर्षं गेली. आता थोरला पाहुण्यांना दोरीमधल्या वाटेनेच नेतो आणि वेल का राखायची, ते आधी सांगतो.

तात्पर्य : पाहुण्यासाठी अंगण सजवावं, पण घर ज्याच्या आधारावर उभं आहे, ते उपटू नये. किनाऱ्यावर फिरायला जाल तेव्हा वाटेनेच चाला, वेलीवर पाय देऊ नका.